लाल शाईतलं वाळवंट

सोलापूरच्या जुन्या घराच्या ओसरीवर मामांनी चष्मा पुसला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि भाचीने पुण्याहून आणलेलं सहलीचं पत्रक मांडीवर घेतलं. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस कागद नुसता वाचत नाही, तपासतो. पहिली रेघ मथळ्यावरच पडली. तिथे छापलं होतं : ‘थारचं राष्ट्रीय मरू उद्यान. सहा दिवस, बारा जागा, माळढोक दर्शन.’

“दर्शन? देवळात बसलाय का तो?”

“मामा, लोक तेवढं वाचूनच पैसे भरतात.”

“म्हणून तर खोडलं.”

भाची गेली काही वर्षं छोट्या गटांच्या निसर्गसहली काढते. मामांचा अशा सहलींना मुळातच विरोध. ज्या जागेवर आपला जीव आहे तिथून आपण लांब राहावं, असं त्यांचं साधं म्हणणं. भाचीचं म्हणणं याच्या उलट टोकाचं : बघायला कुणी गेलंच नाही, तर ती जागा आहे हेच कुणाला कळत नाही आणि एक दिवस ती दुसऱ्याच कुणाच्या उपयोगाला येते. दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू झालेला हा वाद फराळ संपत आला तरी चालू होता.

“आता दुसरी चूक,” मामा म्हणाले. “हे राष्ट्रीय उद्यान नाहीच.”

भाची हसली, पण मास्तरांची माहिती पक्की होती. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतला ३,१६२ चौरस किलोमीटरचा हा टापू १९८० साली संरक्षित झाला. बोलण्यात आणि पाट्यांवर तो राष्ट्रीय उद्यान आहे, कायद्याच्या कागदावर मात्र अभयारण्य. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की तिथल्या माणसांचे जमिनीवरचे आणि चराईचे हक्क संपवावे लागतात. इथे तर आतच गावं आहेत, ढाण्या म्हणजे विखुरलेल्या वस्त्या आहेत, मेंढ्या, शेळ्या, उंट आहेत. वनखात्याने कुंपण घालून राखलेले तुकडे त्यात मोजकेच. सुदासरी त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

“बरं, अभयारण्य म्हणू. प्रवाशाला त्यानं काय फरक पडतो?”

“फरक हा, की तू बारा माणसं घेऊन लोकांच्या अंगणात चाललीयस. आणि या अख्ख्या पत्रकात एक माणूस नाही. वाळू आहे, सूर्यास्त आहे, उंट आहे. उंटवाला कुठाय?”

भाचीने हातातली चकली खाली ठेवली आणि वहीत काहीतरी टिपलं. हा गुण मामांचा.

पत्रकातला तिसरा दिवस ‘सम, वाळूच्या टेकड्यांवर जीपचा थरार’ असा होता. मामांच्या पेनाला इथे जास्त शाई लागली. जैसलमेरहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवरचं सम म्हणजे थारचा दर्शनी दिवाणखाना. तंबूंच्या रांगा, रात्री ध्वनिक्षेपक, काळबेलिया नृत्य आणि वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारणाऱ्या जीपगाड्या. उद्यान म्हणजे हेच, असा ग्रह करून घेऊन कितीतरी माणसं इथूनच परत फिरतात.

“वाळूवर गाडी फिरवली तर वाळूचं काय बिघडतं, असं विचारणारे आहेतच माझ्या गटात,” भाची म्हणाली. “त्यांना काय सांगू?”

“सांडा सांग.”

सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा. तो बहुतेक पाल्यावर जगतो आणि कठीण जमिनीत बीळ करून राहतो. शिकारी पक्षी, कोल्हे, रानमांजरं यांचं तो ठरलेलं अन्न, म्हणजे तिथल्या अन्नसाखळीतला चांगलाच वजनदार दुवा. थंडी पडली की सांडा बिळात शिरतो, तोंड मातीने आतून बुजवून घेतो आणि उन्हं तापेपर्यंत पडून राहतो. पर्यटकांचा हंगामही नेमका तोच, ऑक्टोबर ते मार्च. बुजलेलं बीळ वरून दिसत नाही. चाक त्यावरून जातं, कुणी ओरडत नाही, रक्त दिसत नाही आणि गाडीतला माणूस मित्राला सांगतो की इथे काहीच नाही रे, नुसतं मैदान आहे.

सेवण गवताचंही तसंच. हिवाळ्यात सुकलेले त्याचे झुबके काडीकचऱ्यासारखे दिसतात, पण मुळं जिवंत असतात आणि पहिल्या पावसावर ती हिरवी होतात. एक गाडी चाकोरी सोडून गेली की दुसरी तिच्या चाकांच्या खुणेवरून जाते आणि आठवड्याभरात तिथे रस्ता होतो. थारची खरी संपत्ती वाळूच्या टेकड्यांपेक्षा हे गवताचं सपाट मैदान आहे. छायाचित्रात ते फिकं दिसतं, हा त्याचा अपराध. उद्यानात वालुकागिरी सुमारे एक पंचमांशच भागावर आहेत. बाकी खडकाळ पठार, सपाट मैदान, खाऱ्या जमिनी.

“मग जीप नको, उंट घेते,” भाचीने तोडगा काढला.

“उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हणजे झालं.”

“नाही हो. उंटाला खरंच काम हवंय. देशात २०१२च्या पशुगणनेत चार लाख उंट होते, २०१९ला अडीच लाख. राजस्थानने २०१४ साली त्याला राज्यपशू केलं, पण मानपत्रावर कुणाचं पोट भरतं? सवारीचे पैसे मिळाले तर माणूस उंट पाळेल. तुम्ही म्हणता तसं सगळे घरी बसलो, तर तो उंट विकून जीपवर चालक म्हणून लागेल.”

मामा गप्प बसले. लांब राहणं हे वरवर निरुपद्रवी दिसतं, पण त्याचीही किंमत कुणीतरी मोजत असतं आणि ती मोजणारा बहुधा सोलापुरात राहत नसतो.

मामींनी तेवढ्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणून ठेवली. त्या दोन पदार्थांवरून चर्चेला भलतंच वळण लागलं. पत्रकात ‘वाळूवर संध्याकाळचा नाश्ता’ होता आणि मामांनी त्याच्या समासात एकच शब्द लिहिला होता : कुत्री.

“नाश्त्यात कुत्री कुठून आली?”

“उरलेल्या अन्नावर येतात. तळांवर येतात, उकिरड्यावर येतात, पिल्लं होतात, मग भूक लागली की टोळीने मैदानात उतरतात. चिंकारा पळवून पळवून मारतात. आणि माळढोकाची मादी अंडं कुठे घालते?”

जमिनीवर, उघड्यावर. बहुधा एकच. जवळपास चार आठवडे ती ते उबवते आणि धोका जाणवला तर उठून चालू लागते. मीटरभर उंचीचा आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी, पण अंड्याला त्याच्याकडे ना घरटं, ना काटेरी झुडूप. वर्षाकाठी एकाच अंड्यावर ज्याचा वंश चालतो, त्याच्या शेजारी चिप्सची पाकिटं आणि अर्धे वडे टाकणं म्हणजे काय, हे बारा जणांना पटवून देणं अवघड नाही. शब्दांत सांगितलं की पटतं. संध्याकाळी भूक लागली की विसरायला होतं, ही भाचीची अडचण.

“यात विसरायला काही उरतच नाही,” मामी भाकरीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “महिनाभर टिकते, कागद लागत नाही, उरली तर डब्यात परत. घेऊन जा पन्नास.”

पत्रकात ही दुरुस्ती निळ्या शाईत झाली. मामींनी लाल पेन हातात घेतलं नाही.

शेकोटीचा मुद्दा त्यामानाने लवकर मिटला. थारमध्ये फोग नावाचं एक झुडूप आहे. त्याची मुळं वाळू धरून ठेवतात आणि तीच मुळं चुलीत उत्तम जळतात, म्हणून पूर्वीपासून ती उपटली गेली. वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात, राख व्हायला एक संध्याकाळ. शेकोटी खोडली गेली आणि तिच्या जागी ‘जाड गोधडी आणावी’ असं आलं. तंबूबरोबर पोहण्याचा तलाव देणाऱ्या मुक्कामांवर तर भाचीनेच आधी काट मारली होती. जैसलमेरला वर्षभरात साधारण दोनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. ज्याला आपण दुष्काळी म्हणतो त्या सोलापूरला पाचशेच्या वर. तिथल्या गावांनी टांके बांधून छपराचं आणि अंगणाचं पाणी साठवलं, वाळूत झिरपलेलं पाणी काढायला अरुंद तोंडाच्या बेऱ्या खणल्या. त्या बेरीच्या गावात जाऊन निळ्या फरशीच्या तलावात डुंबणं हा मामांच्या मते उद्धटपणा होता. भाचीने आक्षेप घेतला नाही.

इथवर मामांची सरशी होती. मग भाचीने पिशवीतून एक छायाचित्र काढलं. त्यात पक्षी नव्हता. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत विजेचे मनोरे होते आणि खाली तेच सेवणाचं मैदान.

“आता माझं ऐका. माझे बारा प्रवासी, त्यांची जीप, त्यांचे वडे, सगळं एका पारड्यात घाला. दुसऱ्या पारड्यात ही एक तार. माळढोकाचे डोळे दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं जड शरीर घेऊन ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे की थारमध्ये वर्षाला अठरा माळढोक तारांवर आपटून मरतात. सगळ्या जगात मिळून दीडशेही उरलेले नाहीत. आणि उद्यानाच्या परिसरातल्या चार हजारांवर चौरस किलोमीटरांत सगळ्या जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी. माझ्या सहलीनं मारले का हे?”

“नाही. पण तुझ्या हॉटेलातली वीज त्याच तारेतून येते.”

“तुमच्या पंख्यातली येत असेल. तारा नकोत असं मीही म्हणत नाही. सौरऊर्जा, पवनऊर्जा नको म्हणायचं तर कोळसा जाळायचा का? प्रश्न आहे तारा कुठून न्यायच्या आणि कुठे जमिनीखालून न्यायच्या हा.”

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला तो वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह आणि इतरांच्या याचिकेवरून. एप्रिल २०२१मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४मध्ये त्यानेच तो व्यापक आदेश मागे घेतला, हवामानबदलाची बाजूही तोलली पाहिजे असं म्हटलं आणि तज्ज्ञांची समिती नेमली. एकाच पर्यावरणाच्या नावाने दोन बाजू एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. सहलीच्या पत्रकात हे सगळं मावत नाही. तरी भाचीचं म्हणणं असं की ते मावलंच पाहिजे.

“ही जमीन सरकारी दप्तरात काय म्हणून लिहिलेली असते, ठाऊक आहे? पडीक. ओरणं घ्या. देवीच्या नावाने राखलेली राई, जिथे कुऱ्हाड चालवायची नाही आणि गुरं मात्र चारायची. देगराय मातेच्या ओरणातून उच्चदाबाच्या तारा गेल्या, तेव्हा गावकऱ्यांनी आवाज उठवला. अनेक ओरणांची महसुली कागदांत ओरण म्हणून नोंदच नाही. ज्याची नोंद नाही ते रिकामं, आणि रिकामं ते कुणालाही देता येतं. मी माणसं नेते ती या रिकाम्या जागेत काय काय आहे हे बघायला. ती परत येऊन बोलतात, लिहितात, मतदानही करतात.”

“आणि थरारही करतात.”

“तुमचा थरार मघाशीच खोडलाय मी.”

तिने आणखी एक दाखला पुढे केला. १९७९च्या सुमारास एक सौदी राजपुत्र लवाजम्यासह तिलोराच्या शिकारीसाठी जैसलमेरच्या बाजूला उतरला होता. तिलोर हा माळढोकाचाच लहान भाऊबंद, हिवाळ्यात येणारा. त्या शिकारीविरुद्ध राजस्थानात निदर्शनं झाली, १९८०मध्ये जयपूरला माळढोक कुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, पुढच्या वर्षी गोडावण राज्यपक्षी झाला. गोडावण हे त्याचं तिकडचं नाव. “लोकांना तो पक्षी माहीतच नसता, तर निदर्शनं कुणासाठी झाली असती?”

मामा उठले, आत गेले आणि जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एक काढून घेऊन आले. नान्नज. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. सायकलवरून जाऊन केलेल्या नोंदी : तारीख, वेळ, नर, मादी, वाऱ्याची दिशा.

“लोकांना माहीत होता, तरी आमच्याकडून गेला,” ते म्हणाले.

महाराष्ट्राने १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. नकाशावर एवढी मोठी रेघ ओढली की तिच्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं सगळीच आली. जमिनीचे व्यवहार अडले, कामं रखडली आणि शेतकऱ्याच्या तोंडी पक्ष्याचं नाव शिवीसारखं येऊ लागलं. पुढे ती रेघ आखडून बाराशे-तेराशे चौरस किलोमीटरांवर आली. दरम्यान माळावर ऊस चढला, विहिरी खोल गेल्या, आणि गवताळ माळ म्हणजे झाडं नसलेली उजाड जमीन असं समजून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडंही लावली गेली. झाडं लावणं हे पुण्यकर्म, हे सगळ्यांना शाळेतच शिकवलेलं. “मीच शिकवलं,” मामा म्हणाले. आता तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

ओसरीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. विषय कुठल्या कुठे गेला होता, पण खरं तर दोघंही एकाच ठिकाणी येऊन पोचले होते. गिरिपुष्प लावणारा, मनोरा उभारणारा आणि चाकोरी सोडून जीप घालणारा, तिघांनाही समोर काहीच दिसलेलं नसतं. मामांना भीती होती ती चौथ्याची : सगळं दिसतं, पण जवळून दिसावं असा हट्ट धरणाऱ्याची.

“तुझ्यातले कॅमेरेवाले किती?”

“बारातले पाच.”

“मग नेमकं काय करणार आहेस?”

इथे भाचीने पत्रक हातात घेतलं आणि स्वतःच लिहायला सुरुवात केली. सुदासरीत वनखात्याची परवानगी आणि तिथलाच वाटाड्या. गाडी ठरल्या वाटेवर, उतरायचं नाही म्हटलं तर नाही. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर लावून त्यांना बोलवायचं नाही. खोकडाच्या बिळासमोर घेर करून बसायचं नाही. ड्रोन घरी; तिथून सीमा जवळ आहे, आणि वनखात्यापेक्षा कडक पहारेकरी तिथे बसलेले आहेत. छायाचित्रावर जागेचं नेमकं ठिकाण टाकायचं नाही. आकलच्या जीवाश्म उद्यानातून खिशात खडा आणायचा नाही. ज्युरासिक काळातली, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन आडवी पडलीयत. ज्या भूमीला आपण मुळापासूनच वाळवंट समजतो, तिथे दाट जंगल होतं याची ती साक्ष. प्रत्येकाने एक तुकडा आणला तर साक्षीदारच फितूर व्हायचा.

“मुक्काम?”

“समऐवजी खुरी. गावातल्या माणसांच्या झोपड्या, त्यांच्याच घरचं जेवण. केर-सांगरी, बाजरीचा सोगरा. मांगणियारांचं गाणं ध्वनिक्षेपकाशिवाय, आणि पैसे दलालाच्या नव्हे, गाणाऱ्याच्या हातात.”

“समचे तंबूवालेही पोटासाठीच बसलेत,” मामा अचानक म्हणाले. सकाळपासून त्यांनी समच्या बाजूने काढलेला हा पहिला शब्द. “सगळेच शहाणे खुरीला गेले तर तीन वर्षांत खुरीचं सम होईल.”

याचं उत्तर भाचीकडे नव्हतं. खुरीलाही आता तंबू वाढताहेत हे तिला माहीत होतं. चांगली जागा शोधून काढणारे आणि तिच्या मागे लागून ती बिघडवणारे यांच्यात बहुधा दोन-चार हंगामांचंच अंतर असतं. ती एवढंच म्हणाली की बारापेक्षा जास्त जागा ती करणार नाही आणि वर्षातून दोनच गट नेईल. मामांनी ‘दोन’ला वर्तुळ केलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि मग ते तसंच राहू दिलं.

“माळढोकांची पैदास करणारं केंद्र आहे ना तिथे? ते दाखवणार?”

“समला २०१९पासून एक आहे, रामदेवराला २०२२पासून दुसरं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. मी दुरूनसुद्धा विचारत नाही, मामा. पाळण्याच्या खोलीत पाहुणे नेत नाहीत.”

मामांनी मान हलवली. हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

राहिला मथळा. ‘माळढोक दर्शन’ खोडल्यावर तिथे भोक पडल्यासारखं दिसत होतं. भाचीने ‘गवताळ वाळवंटातले सहा दिवस’ असं लिहून पाहिलं. मामांना ते धड्याच्या नावासारखं वाटलं, म्हणजे आवडलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव नोंदवलेले पुण्याचे एक गृहस्थ होते, मोठी लेन्स नुकतीच घेतलेले.

“हो, निघतोय आपण... नाही, खात्री नाही देता येत... पक्षी आहे हो तो, दिसेल किंवा नाही दिसणार... दिसला तरी लांबूनच... नाही, आत गाडी नाही नेता येणार... सांडा? नाही, तोही नाही दिसणार, तो झोपलेला असतो.”

मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. “विचार करून सांगा,” म्हणून तिने फोन ठेवला.

मामांनी काही विचारलं नाही. त्यांनी पत्रक पुढे ओढलं, ‘बारा जागा’ शोधलं, बारावर लाल रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात अकरा लिहिलं.